जलरंगात जुनं कौलारू घर: ते झाडांवर चिकटवल्यासारखं का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोळचं गुहागरकडचं कौलारू घर, मे महिन्यात भरदुपारी मोबाईलवर काढलेला फोटो. त्यावरून जलरंगात चारदा चित्र केलं आणि चारही वेळा घर मागच्या झाडांवर कापून चिकटवल्यासारखं आलं. कौलं म्हणजे एकसुरी विटकरी पट्टा, झाडांचा हिरवा चिखल. शेवटी विचारलंय, ‘कौलांना आणि जुन्या भिंतीला नेमके कोणते रंग घेऊ?’

रंग सांगतो, पण तुमची अडचण रंगांची नाही. तुम्ही घर वेगळं, झाडं वेगळी, अंगण वेगळं असं रंगवताय. आधी सगळ्या बाजूंनी पेन्सिलची रेघ, मग रेघेच्या आत घराचा रंग आणि बाहेर झाडाचा. स्मरणचित्राच्या पेपराला पोस्टर कलरने असंच काम करून हाताला ते वळण लागतं. पोस्टर कलरमध्ये ते खपूनही जातं, कारण वरून दुसरा थर देऊन कडा मोडता येते. जलरंगात वाळलेली कडा सहसा तशीच राहते. म्हणून घर जिथे जिथे परिसरात मिसळतं त्या जागा रंगाला हात लावण्याआधी ठरवायच्या. वळचणीखालचा (छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या कडेखालचा) अंधार बाजूच्या झाडीत जातो, पायऱ्यांची सावली अंगणात उतरते. अशा ठिकाणी दोन वस्तू एकाच ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच सलग थरात, व्हायला हव्यात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. पहिली कागदाची. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत कागद असेल तर खाली सांगितलेलं सगळं जमेल. साध्या कार्ट्रिज (ड्रॉइंगच्या) कागदावर लांब सलग वॉश डागाळत वाळतो आणि त्यात तुमचा दोष नसतो. चांगल्या कागदाचा ११ बाय १५ इंचांचा, म्हणजे पूर्ण शीटचा पाव तुकडा घ्या, स्वस्त मोठ्या कागदापेक्षा तो परवडतो. दुसरी गोष्ट हवेची. मे महिन्यात अंगणात बसून रंगवलंत तर वॉश हातातल्या हातात वाळतो, जुलैत घरात बसलात तर पाऊण तासानेही कागद आतून ओला असतो. त्यामुळे ‘अमुक मिनिटं थांबा’ या सूचनेला अर्थ नाही. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे. आणि कागद पावसाळाभर उघडा पडला असेल तर कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला जाऊन गडद डाग पडला तर कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, गेलेलं आहे, तो सरावाला ठेवा.

तिसरी गोष्ट फोटोची, आणि इथे थोडं थांबायला हवं. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रत्नागिरी जिल्ह्यात सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो. त्या वेळच्या फोटोत छपराच्या दोन्ही पाख्यांवर, म्हणजे उतारांवर, सारखंच ऊन, भिंत सगळी वळचणीच्या सावलीत आणि अंगण पांढरंफटक. घराची एक बाजू उजेडात, दुसरी अंधारात असं काही नसतं, म्हणून घराला घनता येत नाही. त्यात मोबाईल उजेड सांभाळायला जातो आणि पडवीतला अंधार काळाकुट्ट करून टाकतो. प्रत्यक्षात तिथे लाल अंगणावरून उसळलेला ऊबदार उजेड असतो. फोटोतला काळा जसाच्या तसा उचललात तर चित्राला भोक पडतं.

तेव्हा उजेड बदला. घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आजोळच्या कुणालाही विचारा. पूर्वेला असेल तर सकाळी नऊ-साडेनऊचं ऊन समोरून तिरकं येतं असं धरा. सावली अंदाजाने ठोकू नका, तिचा साधा हिशेब आहे. ऊन भिंतीवर समोरून आणि ४५ अंशांत येत असेल तर वळचण भिंतीपासून जितकी पुढे, तितकीच सावली भिंतीवर खाली उतरते. वळचण अडीच फूट पुढे असेल तर सावलीही अडीच फूट. सूर्य ६० अंशांवर चढला की तीच सावली सव्वाचार फुटांच्या पुढे जाते. पडवी सात-आठ फूट खोल असेल तर आतली भिंत सकाळी लवकरच काय ती उजळते, एरवी ती सावलीतच. घर उत्तरेकडे तोंड करून असेल तर समोरून ऊन दाखवू नका. बाजूची भिंत उजेडात आणि दर्शनी बाजू सावलीत घ्या. असं चित्र अनेकदा जास्त चांगलं होतं.

आता पोस्टकार्डाच्या निम्म्या आकारात टोनचं, म्हणजे फक्त उजेड-अंधाराच्या पायऱ्यांचं, एक कच्चं रेखाटन करा. पेन्सिलने तीनच टोन: कोरा कागद, मधला करडा, गडद. नियम एकच, गडद भाग सगळा एकमेकांना जोडलेला हवा. वळचण, पडवी, पायऱ्यांची सावली, बाजूच्या आंब्याचा बुंधा हे सगळं पेन्सिल न उचलता भरता आलं पाहिजे. कुठे तुटत असेल तर तिथे काहीतरी हलवा. झुडूप थोडं पुढे घ्या, गडग्याची (दगडी कुंपणाची) सावली घराच्या कोपऱ्यापर्यंत आणा. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र जलरंगातलं आहे. त्यातला दिव्याचा उजेड भडक पिवळ्याने आलेला नाही, भोवतीच्या सलग गडद टोनमुळे तो उजळतो. विषय निराळा असला तरी तुमच्या घरावरच्या उन्हाचं गणित तेच आहे.

मग मुख्य कागदावरच्या रेखाटनात दोनच गोष्टी बघा. डोळ्याची पातळी आधी आखा. कोकणातल्या घरांची वळचण बरीच खाली, उभ्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर असते. त्यामुळे वळचणीची रेघ जवळजवळ आडवी राहते आणि आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्याची, रेघ मात्र स्पष्ट उतरती दिसते. दोन्ही सारख्याच तिरक्या काढल्या की छप्पर उडाल्यासारखं वाटतं. अंगणात जितके जवळ उभे, तितका पाखा आखूड दिसतो. बहुतेक जण तो हवा त्यापेक्षा उंच काढतात, म्हणून पेन्सिल हातात धरून भिंतीची उंची आणि पाख्याची दिसणारी उंची फोटोवरच मोजून घ्या. दुसरं म्हणजे पट्टी वापरू नका. जुन्या घराचं आढं मधे थोडं बसलेलं असतं, वासे वाकलेले असतात. तो बाक फोटोत शोधून तेवढाच द्या, ओढूनताणून वाकडं घर काढू नका.

रंग सातच पुरेत: रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, गॅम्बोज, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन आणि पर्मनंट अलिझरिन. साधं अलिझरिन क्रिमझन उजेडात विटतं, ते टाळा. थॅलो ब्लू या चित्रात नको. तो कागदाला धरतो, मागाहून उचलता येत नाही आणि त्याचे दाणे बसत नाहीत. अल्ट्रामरीनचे दाणे कागदाच्या खळग्यांत बसतात आणि जुन्या भिंतीचा खरखरीतपणा आपोआप येतो. बर्न्ट सिएना कंपनीगणिक बदलतो, कुठे केशरी तर कुठे तपकिरी, तेव्हा आपली ट्यूब आधी तुकड्यावर बघून ठेवा. ब्रश १२ आणि ८ नंबरचे गोल, एक बारीक रिगर (लांब केसांचा ब्रश). पाण्याची दोन भांडी. रंग किती दाट ते मी चहा, दूध आणि साय असं सांगतो: पहिला वॉश चहाइतका पातळ, मधले टोन दुधाइतके, शेवटचे गडद साईइतके.

बोर्ड १५ ते २० अंश तिरका ठेवा. पहिला वॉश आकाशापासून जमिनीपर्यंत एकच. वर पातळ कोबाल्ट, क्षितिजाकडे येताना रॉ सिएनाचा अंश, त्यातूनच छपरावर पातळ बर्न्ट सिएना, तसंच खाली अंगणात रॉ सिएना आणि लाइट रेड. घराच्या कडांवरून बिनधास्त जा. कोरं ठेवायचं ते एवढंच: उन्हातली चुन्याची भिंत, वळचणीची उन्हात चमकणारी धार, तुळशीवृंदावनाची उन्हाची बाजू. मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखायला लावतात तो द्रव) नको. त्याची कडक कडा घराला पुन्हा चिकटवून टाकते. वॉश पूर्ण वाळू द्या.

आता कौलं. आधी कौल कुठलं ते ओळखा. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती साच्यातली चपटी कौलं पुढे कोकणभर पसरली. त्याआधीची घरं कुंभाराच्या हातच्या नळीच्या कौलांची. नळीच्या कौलांत आढ्याकडून वळचणीकडे उतरणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा प्रमुख दिसतात, मंगलोरीत आडव्या ओळी. मंगलोरी कौल साधारण १६ इंच लांब असतं, पण वरच्या ओळीखाली थोडं दडतं, म्हणून दिसतं फूटभर किंवा त्याहून जरा जास्त. म्हणजे १२ फुटांच्या पाख्यावर ११-१२ ओळी असतात. नवखा माणूस तिथे तीस ओळी काढतो आणि घर खेळण्यातलं होतं.

आणि जुनी कौलं विटकरी नसतातच. दर पावसाळ्यात शेवाळ चढतं, उन्हाळ्यात वाळून काळं होतं. स्वयंपाकघरावरच्या कौलांना धुराचा रंग, आंब्याखालच्या बाजूला पानांचा कुजका काळेपणा. खरोखर विटकरी असतात ती गेल्या वर्षी बदललेली दहा-बारा. तुम्ही सगळा पाखा त्या दहा-बारांच्या रंगात रंगवलाय.

१२ नंबरचा ब्रश भरपूर भिजवून बर्न्ट सिएना आणि थोडा रॉ सिएना, दुधाइतका, आढ्यापासून खाली न्या. ब्रश उताराच्या दिशेने चालवा, आडवा नको. पाणी उतारावरून वाहतं, डागही तसेच पडतात. वॉश ओला असतानाच आढ्याजवळ कोबाल्टचे एक-दोन स्पर्श सोडा, तिथे आकाशाचा उजेड पडतो. मधे लाइट रेड. खालच्या एक तृतीयांश भागात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा, झाडाच्या बाजूला त्यातच गॅम्बोजचा थेंब. रंग कितीही बदला, पण टोन सारखा ठेवा. टोन जागोजागी बदलला की छप्पर ठिगळांचं होतं, सारखा राहिला की पाखा सपाट आणि उन्हात दिसतो. दोन-चार जागी कागदाचे कोरे ठिपके राहिले तर राहू द्या. आतल्या उजेडासाठी लावलेलं काचेचं कौल असेल तर एका कौलाएवढी जागा पहिल्या वॉशच्या फिक्या रंगातच सोडा. एवढी एकच खूण लोकांना घर ओळखायला पुरते.

छपराचं एक टोक मात्र ओलं असतानाच झाडाला भेटवा. ज्या बाजूला आंबा छपरावर झुकलाय तिथे पाख्याचा रंग ओला असताना झाडाचा गडद हिरवा त्याला टेकवा आणि ब्रश उचला. दोन्ही रंग इंचभर एकमेकांत जातील, कडा हरवेल. उरलेलं छप्पर वाळल्यावर मागची झाडी घ्या. तिथे झाडीच्या गडद रंगाने उन्हातल्या आढ्याची कडा कापली जाईल. एका बाजूला हरवलेली कडा, दुसऱ्या बाजूला स्वच्छ कडा. तुमच्या चित्रात दोन्ही बाजूंना स्वच्छच होती.

झाडांचा चिखल होतो तो तीनहून जास्त रंग घोटल्याने किंवा अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये ब्रश फिरवत राहिल्याने. तयार हिरवा ट्यूबमधून थेट लावू नका. आंब्यासाठी अल्ट्रामरीन दोन भाग, गॅम्बोज एक भाग आणि बर्न्ट सिएना नावाला. माडासाठी गॅम्बोज जास्त, कोबाल्ट कमी. रंग पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका, कागदावर थोडे वेगळे दिसले की पालवी जिवंत राहते. झाडात आकाशाच्या तीन-चार खिडक्या सोडा आणि त्या आकाशापेक्षा किंचित गडद करा. पांढऱ्याधोप खिडक्या पुढे उडी मारतात.

भिंतीला फारसं करायचं नसतं. उन्हातल्या चुन्यावर रॉ सिएनाचा अगदी पातळ हात, तोही सगळीकडे नाही. जिथे गिलावा पडून जांभ्याचे चिरे उघडे पडलेत तिथे बर्न्ट सिएना आणि अलिझरिनचे दोन-तीन चौकोनी स्पर्श, सगळे चिरे नकोत. लक्षात ठेवायचा तो जोत्यालगतचा फूट-दीड फुटाचा लालसर पट्टा. पागोळ्या लाल मातीवर आपटतात आणि त्यांचे शिंतोडे भिंतीवर उडतात. भिंत साध्या पाण्याने ओली करून खालून बर्न्ट सिएना लावा, तो आपोआप वर चढत विरेल. या पट्ट्यामुळे भिंत आणि जमीन एकमेकांना जोडली जातात.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचा टप्पा: सावली. आतापर्यंतचं सगळं पूर्ण वाळलेलं हवं. पॅलेटवर लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवा, कारण मधेच संपला आणि पुन्हा कालवायला गेलात की वॉश तुटला. अल्ट्रामरीन दोन भाग, अलिझरिन एक भाग, त्याचा जांभळेपणा मरेल इतकाच बर्न्ट सिएना. दाटपणा दुधाइतका. जलरंग वाळल्यावर साधारण एक टोन फिका होतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. ११ बाय १५ इंचांवर हा वॉश पाचेक मिनिटांत व्हायला हवा. वळचणीच्या डाव्या टोकापासून सुरू करा, भिंतीवरची सावली, पडवी, ओटीच्या पायऱ्या, तिथून अंगणात, अंगणातून आंब्याच्या बुंध्यापर्यंत. ब्रशमधला रंग संपला की पुन्हा भरा, पण ओली कडा वाळू देऊ नका.

तो ओला असतानाच तीन गोष्टी करा. वळचणीच्या पोटात, छपराखाली, रॉ सिएना आणि लाइट रेडचे थेंब सोडा. हा अंगणावरून उसळलेला उजेड, आणि फोटोत नसलेली हीच गोष्ट पडवीला खोली देते. सावली झाडीकडे जाते तिथे थोडं अल्ट्रामरीन. आणि वॉशची चमक गेली पण कागद अजून दमट आहे अशा वेळी दाराच्या जागी अल्ट्रामरीन-बर्न्ट सिएनाचा साईइतका दाट गडद ठेवा. त्याच्या कडा मऊ राहतील, दार आत असल्यासारखं दिसेल. काळी ट्यूब कुठेच लागत नाही. त्यानंतर हात काढून घ्या. अर्धवट वाळलेल्या सावलीत पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की कोबीच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. पडलाच डाग, तर लगेच पुसू नका. वाळू द्या, मग ओलसर ब्रशने त्याची कडा घासून टिपकागदाने टिपा.

सावली वाळल्यावर कौलांकडे परत या. अल्ट्रामरीन-बर्न्ट सिएनाचा करडा, ८ नंबरचा ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा धरा आणि तीन-चार तुटक आडव्या ओळी घ्या. वळचणीजवळ जरा स्पष्ट, आढ्याकडे विरत जाणाऱ्या. पाच-सहा सुटी कौलं गडद, दोन-तीन शुद्ध बर्न्ट सिएनाची, ती बदललेली. ओळी पूर्ण केल्यात की छप्पर पुन्हा पट्टा होईल. खिडकीचे गज रिगरने काढा आणि एखादा गज अर्ध्यातच सोडा.

मागची चार चित्रं टाकू नका. त्यातलं बरं एक घ्या, घर आणि झाडीच्या सीमेवर दोन ठिकाणी स्वच्छ पाण्याने कडा ओली करून ब्रशने हलकेच घासा आणि टिपा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उचलले जातात, थॅलो किंवा तयार सॅप ग्रीन असेल तर तेवढे नाहीत. वाळल्यावर त्यावरूनच सलग सावलीचा सराव करा. चित्र आधीच बिघडलेलं असल्यामुळे हात थरथरत नाही आणि पाच मिनिटांचा अंदाजही येतो.

पांढऱ्या रंगाबद्दल: विजेची तार, वाळत घातलेल्या धोतराची कड, जास्वंदीवरचा एखादा उजेड, एवढ्यापुरता पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) शेवटी चालतो. भिंतीला मात्र लावू नका. पारदर्शक वॉशच्या शेजारी तो खडूसारखा मृत दिसतो आणि वरून सावली द्यायला गेलात तर विरघळून तिच्यात मिसळतो.